एडन : मुंबई इलाख्याची देवडी आणि तिथला शेवटचा पहारा

बंदरकर (धागाकर्ता)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर 'ब्रिटिश साम्राज्य नेमकं कधी संपलं' यावरून बरीच जुंपली होती. कुणी सिंगापूरचं १९४२ धरून बसलं होतं, कुणी आपलं १९४७, कुणी सुएझचं १९५६. मी मध्येच 'एडन, १९६७' एवढंच लिहून जेवायला गेलो. (एडन म्हणजे अरबस्तानच्या दक्षिण टोकाचं, आजच्या येमेनमधलं बंदर; इंग्रजांनी ते १९६७ ला सोडलं.) परत येऊन बघतो तर चौघांनी विचारलेलं, "काका, एडनचं काय?" उत्तर लिहायला घेतलं ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

आधी माझं एडन सांगतो. १९८० च्या दशकात मी जहाजावर ज्युनिअर इंजिनिअर होतो. आमचं जहाज बंकर, म्हणजे इंधन, घ्यायला दीड दिवस तिथे थांबलं. डेकवरून बघावं तर जळक्या कोळशाच्या ढिगासारखे डोंगर, त्यांच्या कुशीत पांढरट इमारती, आणि एका टेकाडावर लंडनच्या त्या प्रसिद्ध घड्याळाचं शेंडेफळ वाटावा असा मनोरा. झाड औषधाला नाही. शेजारी आमचे सेकंड साहेब उभे होते, रत्नागिरीकडचे. म्हणाले, "फडके इथं गेले." मी विचारलं, "कोण फडके? आपल्या कंपनीतले?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप खाली जाऊन प्युरिफायर उघडायला घेतला.

वासुदेव बळवंत फडके. शिरढोणचे, पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून, मग बंड, १८७९ च्या जुलैत पकडले गेले, जन्मठेप झाली आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात वारले. शाळेत हे सगळं पाठ केलं होतं, पण 'एडनच का?' हे कधी मनात आलं नव्हतं. उत्तर अगदीच साधं आहे. एडन तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. ठाणं, येरवडा, रत्नागिरी, तसं एडन. सरकारच्या लेखी कैद्याची बदली इलाख्यातल्या इलाख्यातच झाली होती, फक्त मध्ये समुद्र होता.

हा इलाख्याचा तुकडा तिथे गेला कसा, ते बघण्यासारखं आहे. १८३० साली मुंबईच्या गोदीत बांधलेलं 'ह्यू लिंडसे' हे वाफेचं जहाज मुंबईहून सुएझला निघालं. कोळसा इतका लागणार होता की तो मिळेल त्या जागेत, डेकवरसुद्धा, रचलेला. एडनला पोचेपर्यंत तो जवळपास संपत आला होता. इंजिनरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला हे वाचून आजही पोटात गोळा येतो. पण मुद्दा मुंबई सरकारच्या लक्षात आला : वाफेने विलायत जवळ आणायची तर वाटेत कोळशाची वखार हवी.

मग निमित्तही सापडलं. १८३७ मध्ये 'दर्या दौलत' नावाचं ब्रिटिश निशाण लावलेलं जहाज एडनजवळ फुटलं आणि लुटलं गेलं. मुंबईचे गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट (ग्रँट रोड आणि ग्रँट मेडिकल कॉलेजवाले तेच) यांनी कॅप्टन हेन्स याला नुकसानभरपाई मागायला पाठवलं, आणि जमल्यास लहेजच्या सुलतानाकडून (एडन तेव्हा त्याचं होतं) ते विकतच घ्यायला. सौदा फिसकटला. ग्रँटसाहेब १८३८ मध्ये दापोडीला वारले, पण काम थांबलं नाही. १९ जानेवारी १८३९ रोजी दोन युद्धनौका आणि मुंबईहून नेलेली पलटण, त्यात देशी शिपाईही, यांनी काही तासांत एडन घेतलं. व्हिक्टोरिया राणी गादीवर आल्यावर साम्राज्यात आलेला हा पहिला मुलूख. फौज मुंबईची, खर्चही मुंबईचा.

पुढची शंभर वर्षं एडन म्हणजे हिंदुस्थानच्या वाड्याची देवडी. १८६९ ला सुएझ कालवा झाल्यावर तर येणारा-जाणारा प्रत्येक जण तिथूनच. चलन रुपया, तिकिटं हिंदुस्थानची, मोठं कोर्ट मुंबईचं, दुकानदार बव्हंशी पारशी, गुजराती, बोहरी. १ एप्रिल १९३७ ला लंडनने ते हिंदुस्थानपासून तोडून थेट आपल्याकडे घेतलं.

आणि आता माझा मुद्दा. १९४७ ला वाडाच गेला. ज्यासाठी देवडी होती ते मागे उरलंच नाही. तरी देवडीवरचा पहारा आणखी २० वर्षं उभा राहिला, उलट वाढला! कशासाठी हे विचारायला कुणाला सवड झाली नाही. दर दोनचार वर्षांनी नवं कारण सापडत गेलं. १९५१ ला इराणने आबादानची रिफायनरी ताब्यात घेतली, म्हणून एडनला नवी रिफायनरी. १९५६ च्या जूनमध्ये सुएझचा तळ सोडावा लागला, त्याच वर्षाअखेर सुएझवर चढाई करून हात पोळले, मग मध्यपूर्वेची लष्करी कचेरीच एडनला. आखातातल्या तेलाची राखण इथून करायची, असं ठरलं. १९६१ ला कुवेतला फौज धाडली तेव्हा ते थोडं खरंही वाटलं. म'आल्ला भागात लष्करी कुटुंबांसाठी लांबच लांब रांगेत फ्लॅट उठले. ज्या घरातून सगळे उठून गेलेत त्याच्या देवडीला नवा रंग देण्यासारखं हे होतं.

शहरात मात्र वेगळंच शिजत होतं. बंदरात आणि रिफायनरीत राबणारे बरेचसे उत्तर येमेनमधून आलेले. त्यांना मत नाही. कैरोच्या रेडिओवर रोज इजिप्तचे अध्यक्ष नासर. ब्रिटिशांनी तोडगा काढला की आतल्या भागातले सुलतान-शेख यांचं एक संघराज्य करायचं आणि एडन शहर त्याला जोडायचं. म्हणजे गोदी कामगारांच्या शहरावर उंटावरच्या सरदारांचं राज्य. एडनच्या कौन्सिलने याला २४ सप्टेंबर १९६२ ला मंजुरी दिली. २६ सप्टेंबरला शेजारच्या उत्तर येमेनची राजधानी सानात इमामाची, म्हणजे तिथल्या राजाची, गादी उलटली आणि पाठोपाठ इजिप्तचं सैन्य येमेनमध्ये उतरलं. दोन दिवस! नशिबानेही थोडी लाज बाळगायला हवी होती.

१० डिसेंबर १९६३ ला विमानतळावर हाय कमिशनर ट्रेव्हास्किस यांच्यावर हातबॉम्ब पडला, ते वाचले, आणीबाणी लागली. पुढची चार वर्षं प्रतिसादांतून बोलू, बोटं दुखली.

---

कोरी_वही

काका, मस्त. 'देवडी' आवडलं. एक प्रश्न. फडके तिथून पळाले होते ना? आजी सांगायची की त्यांनी दारच उखडलं. दंतकथा की खरं?

---

बंदरकर

खरं. कोठडीचं दार बिजागरीतून उपसून बाहेर पडले. पण पळणार कुठे? मागे उघडे डोंगर, पुढे समुद्र, भाषा वेगळी, पाणी नाही. थोड्याच वेळात पकडले गेले. तो डोंगर डोळ्यांनी पाहिल्यावर मला त्या दाराचं जास्त नवल वाटतं. बाहेर काहीच नाही हे त्या माणसाला खिडकीतून रोज दिसत असणार, तरी उपसलंच.

---

तिकीटघर

माझ्याकडे एडनची १९३७ ची पहिली मालिका आहे. त्यावर धाऊ, म्हणजे अरबी शिडाचं गलबत. मजा अशी की कारभार लंडनकडे गेला, तरी तिकिटावर किंमत आण्यांत आणि रुपयांतच! १९५१ ला तिथे पूर्व आफ्रिकेचा शिलिंग आला तेव्हा जुन्याच तिकिटांवर सेंट-शिलिंगचे शिक्के मारून विकली. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन चार वर्षं झाली तरी एडनच्या बाजारात मासळीचा भाव रुपयांत चालत होता. भिंगाखाली धरलं की आण्याचा आकडा आणि त्याच्यावरचा काळा छाप दोन्ही दिसतात. तुमच्या देवडीचा पुरावा माझ्या अल्बममध्ये आहे म्हणायला हरकत नाही.

---

चिंचपोकळी_फास्ट

अवांतर : धीरूभाई पण एडनलाच होते ना? पेट्रोल पंपावर?

---

बंदरकर

होय, ए. बेस अँड कंपनीत, १९५८ ला परत आले. बेस हा फ्रेंच व्यापारी, त्याच्या देणगीतून ऑक्सफर्डचं सेंट अँटनीज कॉलेज उभं राहिलं. एडनच्या कातडी-कॉफीच्या पैशातून काय काय निघालं बघा. पण विषय तिकडे नेऊ नका हो, धागा शेअर बाजारात जाईल.

---

फौजी_आबा

मी सिग्नल्समधून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. एडनला कधी गेलो नाही, पण दंगलग्रस्त शहरात फौज लावली की काय होतं ते दोन ठिकाणी अंगावर घेतलंय. म्हणून थोडं लिहितो.

एडन हातचं गेलं ते खबरीत. सिव्हिल भागात फौजेला डोळे नसतात, डोळे पोलिसांचे. तिथल्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीने, म्हणजे एनएलएफने, हे पहिल्यांदा ओळखलं. त्यांनी गोऱ्या सोल्जरच्या आधी स्पेशल ब्रँचचे, म्हणजे पोलिसांच्या खबरी शाखेचे, अरब अधिकारी टिपले, एकेक करून. १९६५ संपेपर्यंत ती शाखा जवळपास आंधळी झाली होती. मग उरतं काय? रस्त्यावरची झडती आणि चौकशी केंद्र. फोर्ट मॉर्बटच्या चौकशी केंद्रात कैद्यांचे हाल होतात असे आरोप १९६६ मध्ये ॲम्नेस्टीने केले, लंडनला चौकशी नेमावी लागली. शंभर माणसांना भिंतीला उभं करून एक पिस्तूल सापडतं, आणि उरलेले नव्याण्णव संध्याकाळी त्यांचे होतात. हे मी पुस्तकातून सांगत नाहीये.

पण खरा घाव त्यांनी स्वतःच स्वतःवर घातला. १९६४ ला सांगितलं, १९६८ पर्यंत स्वातंत्र्य देऊ पण तळ ठेवू. म्हणजे सुलतान-शेखांना वाटलं, साहेब गेला तरी त्याची फौज पाठीशी आहे. फेब्रुवारी १९६६ ला डिफेन्स व्हाइट पेपर, म्हणजे सरकारचं संरक्षण धोरणपत्र, आलं : तळही ठेवणार नाही, संरक्षणाचा करारही नाही. हे सांगायला एक कनिष्ठ मंत्री, लॉर्ड बेसविक, विमानाने एडनला पाठवला. त्या खोलीत बसलेल्या शेखांची मला दया येते. शेतावरचा गडी असो की संघराज्याचा मंत्री, मालक पुढच्या दिवाळीला गाव सोडणार हे कळलं की तो त्या रात्रीच नवा मालक शोधायला लागतो.

---

शंकासुर

आबांचा प्रतिसाद जबरदस्त. पण मला धाग्याच्या मूळ दाव्यावर शंका आहे (नावाला जागतो).

काका, तुम्ही एडनला फार मोठं करताय. साम्राज्य एडनच्या खोर्मक्सर विमानतळावर नाही, लंडनच्या तिजोरीत संपलं. तारखा लावून बघा. १८ नोव्हेंबर १९६७ : पौंडाचं अवमूल्यन, २.८० डॉलरवरून २.४०. एडन सोडलं त्याच महिन्याअखेर. १६ जानेवारी १९६८ : पंतप्रधान विल्सन जाहीर करतात की सुएझच्या पूर्वेकडून १९७१ अखेर सगळं आवरायचं. आणि तो १९६६ चा व्हाइट पेपर? त्यात नवी विमानवाहू नौकाही रद्द झाली. नौदलाचे मंत्री मेह्यू आणि नौदलप्रमुख ॲडमिरल ल्यूस दोघांनी राजीनामे दिले. एडनमध्ये एकही बॉम्ब फुटला नसता तरी हे झालंच असतं. सुएझलाही काय झालं? पोर्ट सैदला सैन्य व्यवस्थित उतरलं होतं, अमेरिकेने पौंडाची मानगूट धरली आणि दीड दिवसात युद्धबंदी. फौजा हरल्या नाहीत, खातं रिकामं झालं.

---

बंदरकर

शंकासुर, अर्धं मान्य. पैसा नव्हता हे खरंच. पण पैसा १९४७ लाही नव्हता, १९५१ लाही नव्हता. नसलेल्या पैशात रिफायनरी, फ्लॅट, कचेऱ्या उभ्या झाल्याच की. आपल्याकडेही कर्जात बुडालेला सरदार दारातला हत्ती शेवटी विकतो. त्याला हत्ती परवडत नाही हे गावाला वीस वर्षं माहीत असतं. विकायच्या दिवशी काय होतं ते मला बघायचंय. एडनला ते बाजारातल्या हिशेबाने झालं नाही, २० जून १९६७ ला झालं. आबा, तुम्हीच लिहा ना ते.

---

फौजी_आबा

लिहितो. त्याआधी पंधरा दिवस : ५ जूनला अरब-इस्रायल युद्ध, सहा दिवसांत अरबांचा धुव्वा, आणि कैरोहून आवई उठली की ब्रिटिश-अमेरिकी विमानं इस्रायलसाठी लढली. खोटी होती, पण एडनच्या गल्लीत कोण तपासायला जातो? वातावरण पेटलेलं.

ब्रिटिशांनी तयार केलेल्या स्थानिक फौजेत, साउथ अरेबियन आर्मीत, चार कर्नल निलंबित झाले होते. कर्नल म्हणजे नुसता अधिकारी नव्हे, त्याच्या मागे त्याची टोळी. २० जूनच्या सकाळी छावणीत बंडाळी झाली, बराकी पेटल्या. तिथून जाणाऱ्या एका ट्रकमधले आठ ब्रिटिश जवान गोळीबारात मेले. फायरिंग रेंजवरून परतत होते बिचारे. मग अफवा शहराकडे धावली. क्रेटर म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात वसलेली जुनी वस्ती, आत जायला मोजक्या वाटा. तिथल्या सशस्त्र पोलिसांनी ऐकलं की इंग्रज अरब शिपायांना मारत सुटलेत आणि आता आपल्यावर येतायत. त्यांनी शस्त्रागार उघडलं. खबर घ्यायला आत गेलेल्या नॉर्थम्बरलँड फ्युझिलिअर्स आणि आर्गाइल पलटणीच्या तुकडीवर पोलीस बराकीच्या गच्चीवरून गोळ्या आल्या. संध्याकाळपर्यंत वीसहून अधिक ब्रिटिश सैनिक गेले होते. प्रेतं रस्त्यात, आणि क्रेटर हातातून गेलेलं.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. गोळ्या झाडणाऱ्यांचे पगार, वर्दी, रायफल सगळं ब्रिटिशांचं होतं. सकाळपर्यंत तेच पोलीस त्यांना सलाम करत होते. बाहेरच्या दुश्मनाने तट फोडला तर फौज पुन्हा बांधते. देवडीवरच्या शिपायाने आतून अडसर काढला तर पुढे काय बांधणार?

---

मस्कतवासी

आणि मग आला 'मॅड मिच'! इथे एक्सपॅट क्लबात जुने ब्रिटिश भेटतात, दोन पेगनंतर त्यांचं एडन म्हणजे तेवढंच. लेफ्टनंट कर्नल कॉलिन मिचेल, ३ जुलैच्या संध्याकाळी आर्गाइल पलटण घेऊन बॅगपाइप वाजवत क्रेटरमध्ये घुसला, जवळपास विनाप्रतिकार. सकाळी छपरांवरून पाइपवाल्यांनी पहाटेची सलामी वाजवली, फोटो जगभर छापून आले. मला तरी तो खरा शिपाई वाटतो. वरचे घाबरलेले असताना एकट्याने करून दाखवलं.

---

फौजी_आबा

मस्कतवासी, रागावू नका. शिपाई म्हणून धाडसी, यात वाद नाही. आपल्या पलटणीची माणसं रस्त्यात पडली असताना तेरा दिवस कमांडरला झोप येत नाही, मला समजतं. पण हुकूम होता पायरी-पायरीने जायचा, तो एका रात्रीत सगळं घेऊन बसला, वरच्यांची पंचाईत. त्यात पत्रकारांशी बोलायची हौस दांडगी. नंतर क्रेटर त्याच्या पलटणीने इतकं आवळून धरलं की तिथल्या वागणुकीच्या तक्रारी बरीच वर्षं पुरल्या. त्याला मोठं पदक मिळालं नाही, पुढच्याच वर्षी फौज सोडली, मग खासदार झाला. उतारवयात भूसुरुंग काढणारी हॅलो ट्रस्ट उभी करण्यात तो पुढे होता, ते काम मात्र मी सलाम ठोकण्यासारखं मानतो.

पण मला सांगा, ३ जुलैला घेतलेलं क्रेटर नोव्हेंबरात कोणाला दिलं? ज्यांच्याकडून घेतलं त्यांनाच. मग ते पाइप कोणासाठी वाजले? माझ्या मते लंडनच्या पेपरांसाठी. त्यात काही वाईट नाही, परतणाऱ्या फौजेलाही मान वर ठेवायला काहीतरी लागतं. फक्त त्याला विजय म्हणू नका.

---

मस्कतवासी

रागावलो नाही आबा, उलट क्लबात हेच ऐकवणार आहे 🙂

पण काकांच्या '१९६७ ला संपलं' याला माझाही आक्षेप आहे. एडनच्या शेजारी ओमानचा धोफार प्रांत. तिथल्या बंडखोरांना दक्षिण येमेनच (एडनसह झालेला नवा देश) रसद पुरवत होता आणि ओमानच्या सुलतानाच्या फौजेत अधिकारी ब्रिटिशच. १९७० ला जुना सुलतान हटवून त्याचा मुलगा काबूस गादीवर आला त्यात ब्रिटिशांचा हात होता, हे आता लपून राहिलेलं नाही. ते युद्ध १९७५ च्या आगेमागे संपलं, मसिराह बेटावरचा हवाई तळ १९७७ पर्यंत होता. म्हणजे एडनहून निघालेले काही जण शेजारच्या आळीत नाव बदलून कामाला लागले. आणि गंमत म्हणजे तिथे ते जिंकले! कारण तिथे 'आम्ही अमुक तारखेला जाणार' असं कुणी आधी जाहीर केलं नव्हतं, आणि सुलतान गादीवर बसून रस्ते-दवाखाने काढत होता.

---

बंदरकर

हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. ओमानात ते चाकर होते, एडनला मालक. चाकराला लढणं सोपं जातं, हे मी जहाजावर अनुभवलंय. कॅप्टनपेक्षा सारंगाचं सगळे ऐकतात.

शेवटच्या दिवसांचं राहिलंय ते टाकतो. मे १९६७ ला आलेले शेवटचे हाय कमिशनर सर हम्फ्री ट्रेव्हेलियन. या गृहस्थाची कारकीर्द बघा : १९२९ ला आपल्या आयसीएसमध्ये रुजू, १९४७ ला इथलं आवरून गेले. १९५६ ला सुएझच्या वेळी कैरोला ब्रिटिश राजदूत, आपलंच सरकार आपल्याला न सांगता बॉम्ब टाकतंय हे तिथे बसून पाहिलं. १९५८ ला बगदादला, राजाची हत्या झाल्यावर. आणि मग निवृत्तीतून उठवून एडनला. ज्या ज्या घराला आग लागेल तिथे याला किल्ल्या परत करायला पाठवायचे.

किल्ल्या द्यायच्या कोणाला, तेच ठरेना. संघराज्य ऑगस्ट-सप्टेंबरात कोसळलं, शेख पळाले किंवा पकडले गेले. एनएलएफ आणि तिचा प्रतिस्पर्धी फ्लोसी एकमेकांशी रस्त्यावर लढले, नोव्हेंबरच्या सुरुवातीला अरब फौज एनएलएफच्या बाजूने गेली आणि प्रश्न सुटला. कालपर्यंत ज्यांना दहशतवादी म्हटलं त्यांच्याशी जिनिव्हात बोलणी सुरू झाली ती २१ नोव्हेंबरला. आठवडाभरात देश द्यायचा होता! माउंटबॅटनने आपल्याला घाईत उरकलं म्हणतो आपण. एडनकरांनी काय म्हणावं?

२८ नोव्हेंबरला ट्रेव्हेलियन खोर्मक्सरला विमानात चढले. मरीन्सच्या बँडने राष्ट्रगीत वाजवलं ते ठीक. पण त्यासोबत 'आता काही पूर्वीसारखं राहिलं नाही बुवा' अशा अर्थाचं लंडनच्या रंगभूमीवरचं एक गंमतीचं गाणंही वाजवलं. इंग्रजांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, पण ही धून निवडणाऱ्या बँडमास्तरशी माझं जमलं असतं. दुसऱ्या दिवशी उरलेले मरीन्स हेलिकॉप्टरने जहाजांवर गेले. बाहेर नौदलाचा ताफा उभा होता, जाण्यासाठी.

नव्या देशाला वारसा काय मिळाला? जून महिन्यात बंद झालेला सुएझ कालवा, तो उघडला थेट १९७५ ला. कालवा बंद म्हणजे जहाज नाही, जहाज नाही म्हणजे बंकर नाही, आणि तळ गेल्यामुळे लष्कराकडची हजारो लोकांची रोजीही गेली. आमचं जहाज लागलं तेव्हा बंदर असं निवांत होतं की पंपावरचा माणूस पाइप जोडून चक्क झोपला होता.

---

कोरी_वही

आणि तो कॅप्टन हेन्स? ज्याने घेतलं त्याचं काय झालं पुढे?

---

बंदरकर

बरं झालं विचारलंस, हे राहून चाललं होतं. हेन्सने १८३९ पासून पंधरा वर्षं एडन चालवलं. काहीशे वस्तीच्या पडक्या गावाचं भरतं बंदर केलं. मुंबई सरकार मनुष्यबळ देईना, म्हणून हिशेबही स्वतःच ठेवत होता, आणि तो काही हिशेबनीस नव्हता. १८५४ ला तिजोरीत तूट निघाली, त्याला मुंबईला बोलावून अपहाराचा खटला भरला. ज्यूरीने निर्दोष सोडला. तरी सरकारने पैसे वसूल होईपर्यंत म्हणून कर्जदाराच्या तुरुंगात टाकला, तो सहा वर्षं. १८६० ला सुटला, विलायतेला जायला जहाजावर चढला आणि मुंबई बंदरातच, जहाज हलायच्या आधी, वारला.

एडन घेणारा मुंबईच्या तुरुंगात सडला आणि मुंबईचा बंडखोर एडनच्या तुरुंगात. दोघेही सरकारी हिशेबाच्या कागदांशी संबंधित, हा निव्वळ योगायोग, पण मला तो सोडवत नाही.

---

लोणावळेकर

उशिरा आलो. एडनचा एक भाग आमच्या गावात आहे, ते कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

एडनला कावसजी दिनशा यांची मोठी पारशी पेढी होती, जहाजांना कोळसा-सामान पुरवणारी. त्यांनी तिथे अग्यारी बांधली. इंग्रज गेले, पुढे दक्षिण येमेनात डाव्यांचं राज्य आलं, पेढ्या सरकारजमा झाल्या, पारशी पांगले. पवित्र अग्नी मात्र तिथेच जळत होता. तो हलवायचा कसा? अग्नी विझू द्यायचा नाही, परधर्मीयाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. बरीच वर्षं सरकारी पातळीवर खटपट झाली, आणि १९७६ ला एअर इंडियाच्या खास विमानाने, पारशी कर्मचारी घेऊन, तो जळता अग्नी भारतात आणला आणि लोणावळ्याच्या अग्यारीत ठेवला. विमानात जळता विस्तव! विमानवाल्यांना विचारून बघा याचा अर्थ काय होतो.

आम्ही आत जाऊ शकत नाही, जाऊही नये. लहानपणी सायकलवरून त्या बाजूने जाताना चंदनाचा वास यायचा. वडील म्हणायचे, "हा एडनचा धूर." मला वाटायचं एडन हे चंदनाच्या जातीचं नाव आहे.

---

तिकीटघर

लोणावळेकर, हे मला माहीत नव्हतं. वा!

काका, एक दुरुस्ती. मूळ धाग्यावरच्या तुमच्या नंतरच्या प्रतिसादात तुम्ही '१२९ वर्षांचं राज्य' लिहिलंय. १९ जानेवारी १८३९ ते ३० नोव्हेंबर १९६७ म्हणजे १२८ वर्षं, १० महिने, ११ दिवस.

---

बंदरकर

मान्य. तिकडे जाऊन बदलतो.